गवळाऊ कळपासाठी वळू घ्यायचा आहे: निवड कशी करावी?

प्रश्न: गोपालक, काटोल

नमस्कार. काटोल तालुक्यात आमचा गवळाऊ या देशी जातीच्या गाईंचा कळप असून त्यात सध्या २८ गाई आणि ९ कालवडी आहेत. कळप मुख्यतः चराईवर पोसला जातो. गायकी (गुराखी) सकाळी गाई रानात नेतो, दिवस मावळताना त्या कोठ्यावर (गोठ्यात) परततात आणि रात्री त्यांना तुरीचे व हरभऱ्याचे कुटार मिळते. दुभत्या गाईंना तेवढी सरकी ढेप देतो. कळपातील वळूचे वय झाले आहे, शिवाय त्याच्या पहिल्या मुली माजावर येऊ लागल्यामुळे तो आता बदलणे भाग आहे.

कृत्रिम रेतन आम्ही करून पाहिले, परंतु गवळाऊ गाईचा माज अनेकदा मुका असतो (बाहेरून लक्षणे दिसत नाहीत), तो रात्री किंवा रानात येऊन जातो आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. त्यामुळे कळपात वळू हवाच. गावातील काही जाणत्या मंडळींचे म्हणणे आहे की दूध वाढवायचे असेल तर गीर वळू आणावा. दुसरीकडे एका दलालाने शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) नाव असलेल्या घराण्यातील चार दाती गवळाऊ वळू दाखवला आहे. वळू खरोखर देखणा आहे, पण आसपास मिळणाऱ्या इतर वळूंपेक्षा त्याची किंमत ३० हजार रुपयांनी जास्त सांगितली जात आहे. इसार देण्यापूर्वी काय पाहावे, कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, वळू किती वयाचा असावा आणि तो कोणत्या महिन्यात आणावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: निवृत्त पशुवैद्य, नागपूर

आपण इसार देण्यापूर्वी विचारले, हे फार चांगले झाले. वळूच्या निवडीला इतके महत्त्व का द्यायचे, ते आधी सांगतो. गाय वर्षाला फार तर एक वासरू देते, पण वळू कळपातील प्रत्येक वासराचा बाप असतो आणि प्रत्येक वासरात निम्मा वारसा त्याचाच उतरतो. एकामागून एक तीन पिढ्या बाहेरून वळू आणले, तर तिसऱ्या पिढीच्या वासरांतील ८७.५ टक्के वारसा त्या तीन वळूंचा असतो आणि मूळ गाईंचा केवळ १२.५ टक्के उरतो. म्हणजे आज आपण जो वळू दावणीला बांधाल, त्यावरच दहा वर्षांनंतर आपला कळप कसा असेल ते ठरणार आहे.

आता किमतीतील फरकाचा विचार करू. वळू चार वर्षे कामात राहिला आणि २५ गाईंपैकी दरवर्षी ७० टक्के व्याल्या, तर त्याच्यापासून साधारण ७० वासरे होतील, म्हणजे ३० हजारांचा फरक वासरामागे सव्वाचारशे-साडेचारशे रुपये पडतो. वळूच्या मुलींनी वेतामागे थोडे जरी जास्त दूध दिले, तरी हा खर्च भरून निघतो. तेव्हा किमतीला घाबरू नका. परंतु ही जास्तीची किंमत नेमकी कोणत्या गुणासाठी मागितली जात आहे, ते मात्र दलालाला स्पष्ट विचारा. ती केवळ रंग, वशिंड आणि शंकरपटातील नाव यांसाठी असेल, तर आपल्या कळपाला तिचा उपयोग नाही.

वळूच्या अंगावर दूध दिसत नाही, ते त्याच्या आईत आणि बहिणींत पाहावे लागते. म्हणून पहिली चौकशी आईची करा. ती किती वेते व्याली, दोन वेतांत किती अंतर राहिले, एका वेतात किती दिवस दुधात राहिली आणि तिची सड-कास कशी आहे, हे विचारा. ‘विल्यावर दिवसाला अमुक लिटर’ हा आकडा फारसा कामाचा नाही, कारण तो ऐन भरातला असतो. जातीच्या नोंदींत गवळाऊ गाईचे सरासरी वेत ६०० लिटरच्या आसपास मानले जाते, त्यामुळे ज्या वळूची आई चराईवर राहून याहून निश्चितपणे जास्त दूध देते आणि दरवर्षी-सव्वा वर्षाला विते, त्याला प्राधान्य द्यावे. कानात १२ अंकी बिल्ला असेल, तर त्या क्रमांकावर वंशावळीची, रेतनाची किंवा लसीकरणाची काही नोंद झाली आहे का, हे आपल्या दवाखान्यातून तपासून घ्या.

त्यानंतर प्रत्यक्ष वळू पाहावा. त्याला सपाट, कडक जमिनीवर चालवा आणि मागून व बाजूने पाहा. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाजवळ पडला पाहिजे. मागचे पाय खांबासारखे सरळ असतील किंवा ढोपरे एकमेकांना घासत असतील, तर असा वळू गाईवर चढताना लवकर दुखावतो आणि चराईच्या कळपात टिकत नाही. बेंबीजवळील शिश्नावरणाची कातडी फार खाली लोंबणारी नसावी, कारण काट्याकुट्यात ती फाटते, सुजते आणि वळू कायमचा निकामी होऊ शकतो. दोन्ही वृषण आकाराने सारखे, घट्ट पण लवचीक आणि पिशवीत मोकळे सरकणारे असावेत. पिशवीचा सर्वांत रुंद भागाचा घेर टेपने मोजावा. अडीच-तीन वर्षांच्या देशी वळूत तो २८ ते ३० सेंटिमीटर किंवा अधिक असला तर समाधान मानावे, मात्र त्याच वयाच्या इतर वळूंचा घेर मोजून तुलना करणे अधिक विश्वासाचे. हा गुण मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे आणि चांगल्या घेराच्या वळूंच्या मुली लवकर माजावर येतात, असे अभ्यासांत आढळले आहे. देशी कालवडी उशिरा वयात येतात ही आपली नेहमीची अडचण असल्यामुळे या मोजमापाकडे मी विशेष लक्ष देतो.

वीर्याची तपासणी अवश्य करून घ्यावी. प्रत्यक्ष कळपात सोडायच्या वळूसाठी किमान ३० टक्के शुक्राणू पुढे सरकणारे आणि किमान ७० टक्के योग्य आकाराचे असावेत, असा निकष जगभर वापरला जातो. आपल्याकडील उन्हाळ्याचा येथे मोठा संबंध आहे. वळूमध्ये शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि त्यानंतर ते पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस जातात. त्यामुळे मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हाने झालेली हानी जूनच्या अखेरीस आणि जुलैमध्येही तपासणीत दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर तपासणी खराब आली म्हणून वळू बाद करू नका, तर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासा. लाळ्या-खुरकूत, लम्पी किंवा कोणताही मोठा ताप येऊन गेला असेल तरी हाच नियम लागू होतो. लम्पीचा विषाणू बरे झाल्यानंतरही काही काळ वीर्यात राहू शकतो, हेही ध्यानात असावे.

रोगांच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. ब्रुसेलोसिस या गर्भपात घडवणाऱ्या सांसर्गिक रोगासाठी रक्ताची तपासणी, क्षयरोगासाठी कातडीत टोचून ७२ तासांनी सूज मोजण्याची चाचणी आणि जोन्स रोगाची (आतड्याच्या जुनाट संसर्गाची) चाचणी करून घ्यावी. कॅम्पिलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास हे दोन संसर्ग मुख्यतः समागमातून पसरतात. वळू वरून ठणठणीत दिसतो, पण त्याच्याकडून लागण झालेल्या गाई वारंवार उलटतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात) आणि काही गाभडतात (त्यांचा गर्भ पडतो). अशा कळपात मालक महिनोन्‌महिने गाईंवर औषधोपचार करत राहतो आणि मूळ दोष वळूत असल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. यासाठी शिश्नावरणातील धुवण प्रयोगशाळेत तपासावे लागते आणि एका तपासणीवर विसंबता येत नाही, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा नमुना द्यावा. वयाने मोठ्या, अनेक कळपांत फिरलेल्या वळूत हा धोका जास्त असतो. म्हणूनच मी नेहमी अडीच-तीन वर्षांचा, गाईंना न लागलेला तरुण वळू सुचवतो. आपल्याला दाखवलेला वळू चार दाती आहे, म्हणजे तो तीन वर्षांच्या आसपास असावा, पण तो आजवर कुठे कुठे फिरला याची चौकशी करा.

नमुने नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासता येतील का आणि ते कसे आणावेत, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. विक्रेता तपासणीला नकार देत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

उत्तर: गवळाऊ पैदासकार, कारंजा (घाडगे)

डॉक्टरसाहेबांनी सविस्तर सांगितले आहेच, मी खरेदीच्या बाजूने थोडे लिहितो. आमच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा गवळाऊ जातीचे घर समजला जातो आणि हेटीकुंडी येथे या जातीचे शासकीय पैदास केंद्रही आहे. प्रथम तेथे चौकशी करावी, कारण तेथील जनावरांच्या आई-बापांची नोंद असते. खासगी मालकाकडे अशी नोंद क्वचितच मिळते, म्हणून दूध डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आईबद्दलच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.

दूध पाहण्याचीही रीत आहे. विकणारा आदल्या वेळी दूध न काढता कास तुंबवून ठेवतो आणि सकाळी आपल्यासमोर भरलेली चरवी दाखवतो. म्हणून सायंकाळच्या धारेला स्वतः हजर राहून कास पूर्ण रिकामी करून घ्यावी आणि ते दूध हिशेबात धरू नये. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या, अशा दोन्ही धारा मोजाव्यात. वासराने किती पिले तेही विचारात घ्यावे, कारण आपल्या गाई वासरू सोडल्याशिवाय पान्हवत नाहीत. आई आटलेली असेल तर वळूच्या दुधात असलेल्या बहिणी पाहाव्यात. मला स्वतःला एका आईपेक्षा दोन-तीन सख्ख्या किंवा सावत्र बहिणी पाहणे अधिक खात्रीचे वाटते.

शंकरपटाबद्दल मन मोकळे करून सांगतो. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. शंकरपटामुळे गवळाऊ गोऱ्ह्याला पुन्हा किंमत आली आणि जात टिकण्याच्या दृष्टीने ही गोष्ट मला मोलाची वाटते. परंतु पटाच्या घराण्यांत निवड धावेसाठी झालेली असते. तेथे गोऱ्ह्याला आईचे सगळे दूध पाजतात, त्यामुळे ती गाय किती दुधाची हे मालकालाही सांगता येत नाही. आपल्याला गोऱ्हे पटासाठी विकायचे असतील तर असा वळू जरूर घ्या, दुधासाठी घेत असाल तर नको. स्वभावही पाहा. गवळाऊ जात मुळातच चपळ आणि तापट आहे. अनोळखी माणूस जवळ गेल्यावर जो वळू मान खाली घालून फुरफुरतो किंवा पायाने माती उकरतो, तो लहान मुले आणि बाया वावरणाऱ्या कोठ्यावर आणू नये.

आणखी एक, वळू माजावरच्या गाईला दाखवल्याशिवाय घेऊ नका. आमच्या शेजारी एकाने बाजारातून असाच भरलेल्या अंगाचा वळू आणला होता. तो गाईच्या जवळ जाई, हुंगे आणि परत येऊन गव्हाणीपाशी उभा राही. इतकी चरबी चढवलेली होती की त्याला चढताच येत नव्हते.

उत्तर: दुग्ध व्यावसायिक, हिंगणा

मी गीरच्या बाजूने मत मांडू इच्छितो. गीर गाईचे सरासरी वेत २,००० लिटरच्या आसपास असते, म्हणजे गवळाऊच्या तिपटीहून अधिक. आमच्या कोठ्यावर गावठी गाईंवर गीर वळू वापरला आणि त्याच्या मुली आईपेक्षा स्पष्टपणे जास्त दूध देतात. नागपूरसारखे शहर तासाभराच्या अंतरावर असताना आणि देशी गाईच्या दुधाला ग्राहक असताना ६०० लिटरवर समाधान मानणे मला आर्थिकदृष्ट्या योग्य वाटत नाही. मात्र मला हेही सांगितले पाहिजे की आमच्याकडे हिरवी वैरण बारमाही आहे आणि जनावरे बांधून असतात.

उत्तर: निवृत्त पशुवैद्य, नागपूर

हिंगण्याच्या मित्रांनी शेवटी जे वाक्य लिहिले आहे, त्यातच निर्णय दडलेला आहे. वाढलेल्या दुधाचा वारसा खाद्य मिळाल्याशिवाय उतरत नाही. काटोलच्या कळपाला मार्चनंतर कुटाराशिवाय फारसे काही मिळत नाही. अशा ठिकाणी मोठ्या अंगाची संकरित कालवड उशिरा वाढते, उशिरा गाभण राहते आणि दूध आईच्या थोडेच पुढे जाते. शिवाय गवळाऊवर गीर लावल्यावर जन्मलेला गोऱ्हा पटाच्या कामाचा राहत नाही आणि पुढील पिढीसाठी वळू कोणता, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. गावठी, कोणत्याही निश्चित जातीच्या नसलेल्या गाईंवर गीर वापरणे वेगळे आणि शुद्ध गवळाऊ कळपावर वापरणे वेगळे. अशा शुद्ध कळपांची संख्या मर्यादित आहे, म्हणून काटोलच्या मंडळींनी जात मोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दूध वाढवायचे असेल तर गवळाऊमधील उत्तम मातेचा वळू शोधावा.

ज्या पाच-सहा गाई कोठ्यावर बांधून ठेवता येतात आणि ज्यांचा माज वेळेत लक्षात येतो, त्यांना नोंद असलेल्या गवळाऊ वळूच्या गोठित रेताची कांडी मिळवून कृत्रिम रेतन करावे आणि बाकीच्या कळपात वळू सोडावा. याचा दुसरा फायदा असा की पुढील वळू घरच्याच कळपात तयार होण्याची शक्यता निर्माण होते.

प्रश्नकर्ते: गोपालक, काटोल

सर्वांचे मनापासून आभार. गीरचा विचार आम्ही सोडून दिला आहे. दलालाच्या वळूची आई पाहण्याची इच्छा व्यक्त केली असता ती विकली गेल्याचे सांगण्यात आले, म्हणून तोही व्यवहार थांबवला आणि आर्वीच्या बाजूला शोध सुरू केला आहे. आता दोन शंका आहेत. नवीन वळू आणल्यावर त्याला काय खाऊ घालावे? आमच्याकडे सरकी ढेप भरपूर आहे. आणि जुन्या वळूचे काय करावे?

उत्तर: निवृत्त पशुवैद्य, नागपूर

सरकी ढेपेबद्दल आपण विचारले हे उत्तम केले, कारण विदर्भात या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. दुभत्या गाईच्या पोटात त्याचा बराचसा भाग निष्प्रभ होतो, परंतु वळूला भरपूर सरकी दिल्यास त्याच्या शुक्राणूंच्या मधल्या भागात विकृती येते आणि त्यांची हालचाल मंदावते, तरुण वळूत तर अधिकच. सरकी बंद केल्यावर बहुतेक वेळा हा दोष काही महिन्यांत भरून येतो, पण तोवर हंगाम निघून गेलेला असतो. म्हणून वळूला सरकीऐवजी शेंगदाणा, जवस किंवा सोयाबीनची ढेप मर्यादित द्यावी, त्याच्या अंगावर चरबी चढू देऊ नये आणि खनिज मिश्रण रोज द्यावे. उन्हाळ्यात केवळ कुटारावर राहिलेल्या वळूला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि वृषणांवर त्याचा परिणाम होतो, तेव्हा रोज थोडा का होईना हिरवा चारा त्याच्यासाठी राखून ठेवा. दुपारच्या वेळी त्याला दाट सावली आणि पाणी मिळाले पाहिजे.

वळू आणल्यावर त्याला किमान ३० दिवस कळपापासून वेगळा बांधा, गोचीड व जंतांचा बंदोबस्त करा आणि या काळात रोगांच्या तपासण्या पुन्हा करून घ्या. वाहतुकीच्या वेळी पशुवैद्यकाचा दाखला आणि खरेदीची पावती सोबत असावी. तरुण वळूवर पहिल्या हंगामात १५ ते २० गाईंपेक्षा जास्त भार टाकू नये, पूर्ण वाढ झाल्यावर २५ ते ३० गाई तो सांभाळतो.

महिन्याबाबत माझे मत असे की दिवाळीनंतर खरेदी करावी आणि महिनाभर वेगळा ठेवून डिसेंबरच्या सुरुवातीला वळू कळपात सोडावा. गाय साधारण साडेनऊ महिन्यांनी विते, म्हणजे वासरे सप्टेंबरच्या मध्यापासून येऊ लागतील, तेव्हा रानात हिरवा चारा असतो आणि उन्हाचा मोठा ताण गेलेला असतो. माज २१ दिवसांनी फिरतो, त्यामुळे ६३ दिवसांत प्रत्येक गाईला तीन संधी मिळतात. गाय कोणत्या दिवशी लागली आणि ती उलटली का, याची वही गायक्याला नाही तर घरातील कुणाला तरी ठेवायला सांगा. दोन महिन्यांत निम्म्याहून अधिक गाई उलटत असतील, तर गाईंना औषधे देण्याआधी वळू तपासून घ्या.

जुन्या वळूबाबत प्रथम हे पाहा की तो आणि त्याच्या मुली एकत्र चरायला जाणार नाहीत. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्क्यांवर जाते. अशी वासरे कमजोर निपजतात आणि गाभण राहण्याच्या तक्रारी वाढतात. मार्च २०१५ पासून राज्यात वळू व बैलांच्या कत्तलीवर आणि त्यासाठीच्या विक्रीवरही बंदी आहे, तेव्हा त्याला सांभाळण्याचा खर्च आपणच हिशेबात धरायला हवा. तपासणीत तो निरोगी निघाला, तर दूरच्या गावातील ज्या गोपालकाच्या कळपाशी त्याचे नाते नाही, त्याच्याशी वळूची अदलाबदल करणे हा उत्तम मार्ग आहे. रोगी निघाला, तर त्याला कोणत्याही कळपात देऊ नये, दवाखान्यात खच्ची करून घेऊन कोठ्यावर वेगळा बांधावा. ब्रुसेलोसिस आढळल्यास मात्र संपूर्ण कळपाची रक्त तपासणी करून घ्यावी, जार आणि गाभडलेले वासरू हातमोज्यांशिवाय हाताळू नये, घरात कच्चे दूध वापरू नये आणि ४ ते ८ महिन्यांच्या सर्व कालवडींना त्याची लस द्यावी. ही लस नर वासरांना देत नाहीत.